चार क्रियापदांत इंग्रजी बोला

या मार्गदर्शिकेसाठी विद्यार्थ्याकडे फार भांडवल लागत नाही. तोंड असावं आणि ते इंग्रजीतून उघडण्याची हौस असावी, एवढं पुरे.

इंग्रजीत बोलण्याच्या कामावर मुख्यतः चार क्रियापदं नेमलेली आहेत: से, टेल, स्पीक आणि टॉक. एकाचं काम दुसऱ्याकडे नेलं, की सरकारी कचेरीतल्यासारखं ‘हे आमच्या टेबलाचं नाही’ ऐकून परत यावं लागतं.

पहिल्यांदा से आणि टेल. खूश व्हा, हा फरक तुम्हाला जन्मापासून येतो! से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे. आता खूश होणं थांबवा, कारण घात इथेच होतो. ‘मी त्याला म्हणालो’ हे मराठीत निर्दोष. त्याचं सरळ ‘आय सेड हिम’ केलंत की संपलं. सेडनंतर माणूस आणायचा, तर मध्ये ‘टू’ला उभं करावं लागतं. टेलची तऱ्हा उलटी. त्याला माणूस थेट लागतो, मध्यस्थ खपत नाही. म्हणून ‘आय टोल्ड टू हिम’ही बाद.

दुसरा खड्डा ‘की’चा. ‘त्याने सांगितलं की बस गेली.’ कुणाला सांगितलं? मराठी माणूस अशा चौकशा करत नाही; बस गेली हे महत्त्वाचं. पण ‘ही टोल्ड दॅट द बस हॅज गॉन’ म्हटलंत, की इंग्रजी तिथेच अडवणार: टोल्ड, पण कुणाला? लगेच एखादा माणूस पुढे करा, ‘टोल्ड मी’ म्हणा. माणूस मिळत नसेल तर सेड वापरा आणि सुटा. (सेडचं स्पेलिंग पेडसारखं आणि उच्चार बेडसारखा आहे. कारण विचारू नका, शिकवणी लांबते.)

आता नीतिशास्त्र. मराठीत खरंही बोलतात आणि खोटंही बोलतात. दोन्हींना एकच क्रियापद, भेदभाव नाही. इंग्रजीत सत्य स्पीकही करता येतं आणि टेलही. खोटं मात्र फक्त टेल करायचं. ‘डोन्ट स्पीक लाय’ असं मुलाला दरडावणाऱ्या बापाचा मुद्दा बरोबर असतो, क्रियापद चुकलेलं असतं. मुलगा इंग्रजी माध्यमाचा असेल, तर तो मुद्दा सोडून क्रियापद धरतो.

स्पीक आणि टॉक यांत सीमारेषा पुसट आहे. ढोबळ नियम असा: स्पीक जरा अदबीचं आणि बरेचदा एकतर्फी, टॉक घरगुती आणि दुतर्फी. भाषा स्पीक करतात. भाषणाला उभा राहतो तो स्पीक करतो, मागच्या रांगेत चालतं ते टॉक. १९३१ साली ‘आलम आरा’पासून आपल्या पडद्यावरची माणसं एकमेकांशी बोलू लागली, त्या बोलपटाला टॉकी म्हणतात, स्पीकी नव्हे.

उलट संसदेत स्पीकर असतो. इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सने १३७७ साली सर टॉमस हंगरफर्ड यांना हे बिरुद दिलं. सभागृहाचं म्हणणं राजाच्या कानावर घालणं हे त्या काळी स्पीकरचं काम. आपल्या लोकसभेचे पहिले स्पीकर गणेश वासुदेव मावळणकर. नाव बोलणाऱ्याचं असलं, तरी या खुर्चीतला माणूस वादविवादात भाग घेत नाही, इतरांना खाली बसा म्हणतो. म्हणजे संसदेत स्पीकर एक आणि टॉकर पाचशेच्या वर.

एक धोका राहिला. ‘बाई मला बोलल्या’ म्हणजे रागावल्या, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘टीचर स्पोक मी’ मात्र साहेबाला कळणार नाही. तिथे ‘टोल्ड मी ऑफ’ म्हणावं लागतं. त्या शेवटच्या ‘ऑफ’मध्ये सगळा ओरडा भरलेला आहे. ऑफ गाळलंत, तर बाईंनी तुम्हाला नुसती माहिती दिली.

जाता जाता डिस्कस. ‘यावर चर्चा करू’ यातला ‘यावर’ जपण्यासाठी आपण डिस्कसनंतर ‘अबाऊट’ चिकटवतो. तो काढून टाका. डिस्कसला अबाऊट लागत नाही, आणि हा नियम चर्चेला खुला नाही. वादच घालायचा असेल तर ‘आर्ग्यू’ वापरा, त्याच्यापुढे अबाऊट खुशाल चालतो.