सतरंज्या उचलायला कार्यकर्ते हवेत, मत द्यायला नकोत

आकुर्डीत कुठल्याही पक्षाला संध्याकाळच्या सभेसाठी शंभर माणसं हवी असतील तर दुपारपर्यंत जमतात. खुर्च्या लावायला, फ्लेक्स बांधायला, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या लिहून द्यायला, घराघरातल्या आजी-आजोबांना रिक्षात बसवून आणायला इथं माणसांची वानवा कधीच नव्हती. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा तर कुणाला निरोपही धाडावा लागत नाही. पाणी, जेवण, वारकऱ्यांचे पाय चेपणं, सगळं लोक आपणहून करतात.

फुकट राबणारी माणसं भरपूर आहेत. पण त्याच माणसांना स्वतःच्या पक्षाचा अध्यक्ष निवडायला कुणी बोलवत नाही. राग आहे तो याचा.

१५ जानेवारी २०२६ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेची निवडणूक झाली. ३२ प्रभाग, १२८ जागा, आणि त्याआधी मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, म्हणून गल्लीतलं गटाराचं झाकण बदलायलाही दाद मागायला जागा नव्हती. त्या चार वर्षांत पक्षांचं काम कुणी जिवंत ठेवलं? याच पोरांनी. आणि उमेदवारी कुणाला मिळाली हे त्यांना कधी कळलं? एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला ते पाहिल्यावर.

नगरसेवकाच्या उमेदवारीत ज्याला विचारत नाहीत, त्याला राष्ट्रीय अध्यक्षाबद्दल कोण विचारणार?

१७ ऑक्टोबर २०२२ आठवा. काँग्रेसमध्ये त्या दिवशी खरंखुरं मतदान झालं. मल्लिकार्जुन खर्गे विरुद्ध शशी थरूर. मतदार होते प्रदेश प्रतिनिधी, म्हणजे पक्षाचे डेलिगेट, देशभरात नऊ हजारांहून जास्त. हिशेब ब्लॉकमागे एक प्रतिनिधी असा. खर्गेंना ७,८९७ मतं, थरूरांना १,०७२, बाद ४१६. चोवीस वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष आला. मतदान झालं, मोजणी झाली, हरलेल्याचा आकडा जाहीर झाला, हे मोलाचंच आहे आणि मी ते मोलाचं मानतो. बाकीच्या बहुतेक पक्षांत एवढंही होत नाही. भाजपत नितीन गडकरी असोत की जगतप्रकाश नड्डा, राष्ट्रीय अध्यक्षाचं नाव बिनविरोधच जाहीर झालं. सभासद व्हायला मात्र मिस्ड कॉल पुरतो.

पण काँग्रेसच्या त्या निवडणुकीतही गाठ होती, आणि ती याद्यांतच होती. मतदार कोण, हेच आधी सांगेनात. मनीष तिवारींसह पक्षाच्याच खासदारांना मतदारयादी द्या म्हणून मागणी करावी लागली. थरूरांची तक्रार होती की हातात आलेल्या यादीत कित्येकांचे फोन नंबरच नाहीत, मग मत मागायचं कुणाकडे? आता आपल्या गल्लीतला सवाल. आपल्या ब्लॉकमधून कोण गेलं होतं मत द्यायला? वीस वर्षं पक्षाचा झेंडा धरणाऱ्या कार्यकर्त्याला विचारून पाहा. तो शहराध्यक्षाचं नाव सांगेल, प्रतिनिधीचं सांगता येणार नाही. ज्याच्या मतावर अध्यक्ष ठरतो तो माणूस गावाला ठाऊक नसेल, तर त्याला गावानं निवडलेलं नाही, एवढं उघड आहे.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायलाही असेच प्रतिनिधी लागतात. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदारांनी ठरवलेले प्रतिनिधी चार हजारांच्या घरात होते. त्यांत शिक्षिका असतात, नर्स असतात, कारखान्यातले युनियनवाले असतात. प्रचाराची माणसं कित्येक महिने आधीपासून असे लोक हुडकत असतात. अर्ज भरा, काही राज्यांत आपल्या भागातल्या मतदारांच्या सह्या गोळा करा, बैठकीत उभं राहून तुम्हालाच का पाठवायचं ते सांगा. अधिवेशनाचा प्रवास आणि हॉटेल बहुतेकांना स्वतःच्या खिशातून. तिथं पैसा इथल्यापेक्षाही मोठ्यानं बोलतो, तेव्हा आरती ओवाळायची गरज नाही. पण तिथलाही हक्क कुणी ताटात वाढून दिला नव्हता. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, अधिवेशनाच्या वेळी शिकागोच्या रस्त्यांवर डोकी फुटली, पक्षाला आयोग नेमावा लागला आणि १९७२ पासून रीत बदलली.

आपल्याला तर शिकागोपर्यंत जायलाच नको. पुणे पुरे. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यातून हे सुरू झालं. सभासद व्हायचं तर एक अट होती. निदान पन्नास लोकांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणा. तुम्ही आमच्या वतीनं बोला, असं पन्नास माणसांनी कागदावर लिहून दिल्याशिवाय सभेत जागा नाही. अशा ९५ जणांनी सुमारे सहा हजार लोकांच्या वतीनं काम सुरू केलं. मतदानाचा हक्क नव्हता, राज्य परक्याचं होतं, आणि तरीही ‘तुला कुणी पाठवलं?’ या प्रश्नाला प्रत्येकाच्या खिशात कागदी उत्तर होतं. आज आपल्या पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या खिशात असतं नियुक्तीपत्र. त्यावर सही एकच, वरच्या माणसाची.

प्रतिनिधींचा हिशेब नीट ठेवला नाही तर काय होतं, ते महाराष्ट्रानं दोनदा पाहिलं. शिवसेना फुटली. पक्ष कुणाचा, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. संघटनेत बहुमत कुणाचं ते मोजायचं तर २०१८ ची पक्षघटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, आणि निवडणुकीशिवाय पदाधिकारी नेमण्याच्या त्या पद्धतीवर आयोगानं कडक ताशेरे ओढले. मग १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल लागला तो आमदार-खासदारांच्या संख्येवर. ५५ पैकी ४० आमदार एका बाजूला, संपलं. वर्षभरानं, ६ फेब्रुवारी २०२४ ला, राष्ट्रवादीचंही तेच झालं. संघटनेतल्या निवडणुकांची कागदपत्रं भरवशाची ठरली नाहीत, म्हणून पुन्हा लोकप्रतिनिधीच मोजले.

दोन्ही गटांपैकी बरोबर कोण, हा वाद मी इथं घालत नाही. मला दिसतात ते पिंपरी-चिंचवडमधले या दोन्ही पक्षांचे हजारो कार्यकर्ते. पक्ष कुणाचा हे ठरताना त्यांच्यापैकी एकाचंही मत मोजलं गेलं नाही, कारण ते मोजता येईल अशी सोयच त्यांच्या नेत्यांनी करून ठेवली नव्हती. घाम यांचा, आणि हिशेबाच्या दिवशी यांचं खातंच नाही!

लोकांना यातलं कळत नाही, असं कुणी म्हणू नये. हा कामगारांचा पट्टा आहे. इथल्या किती कंपन्यांत युनियनची कमिटी गुप्त मतदानानं निवडली जाते, गेटवर पॅनेल विरुद्ध पॅनेल प्रचार होतो, पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच लाइनवर कामाला उभा राहतो. सोसायटीच्या कमिटीसाठी प्राधिकरण वसाहतीतली शांत माणसं भर सभेत हिशेब मागतात. हीच माणसं पक्षाच्या कार्यालयात शिरली की गप्प का होतात? कारण तिथं बोलणाऱ्याचं पद फोनवर जातं. मतानं निवडून आलेल्या प्रतिनिधीला फोनवर काढता येत नाही, आणि नेत्यांना नेमकं तेच नको असतं. आणि कार्यकर्त्यांनो, तुमचंही चुकतं. नियुक्तीपत्राचा फोटो स्टेटसला ठेवला की तुमचं समाधान होतं. त्या पत्रावर ‘उपाध्यक्ष’ लिहिलेलं असतं, पण मताचा हक्क लिहिलेला नसतो, तो शोधा.

मागायचं तेही फार नाही. प्रत्येक प्रभागातल्या पक्ष कार्यालयाच्या भिंतीवर सभासदांची आणि प्रतिनिधींची यादी लागली पाहिजे, नावानिशी. एका जागेला दोन अर्ज आले तर समजूत काढून एक मागे घ्यायला लावू नका, पेटी ठेवा. बायकांना फक्त हळदीकुंकवाच्या स्टेजवर बसवू नका, दारोदार चिठ्ठ्या त्याच वाटतात, त्यांची नावंही मतपत्रिकेवर येऊ द्या. आणि मतदान शहरात घ्या, गुरुवारी घ्या. खर्गे-थरूर लढतीचं मतदान सोमवारी होतं, आपल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. फर्स्ट शिफ्टचा माणूस सोमवारी रजा टाकून मुंबई गाठणार कसा? दिवस आणि जागा ठरवतानाच कामगार बाहेर पडतो, हे ठरवणाऱ्यांना कळायला हवं.

निवडणूक आयोग हे करून देईल या आशेवर बसू नका. पक्षांनी आपल्या घटनेत ठराविक मुदतीनं निवडणुका घेण्याचं लिहून द्यावं एवढं आयोग मागतो. त्या खरोखर घेतल्या नाहीत म्हणून पक्षाची नोंदणी रद्द करण्याची ताकद त्याच्याकडे नाही. जोर लावायचा तो आतूनच, आणि आत तुम्ही आहात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सभासद नोंदणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात आला की चहा जरूर पाजा, आणि विचारा. आपल्या भागाचा प्रतिनिधी कोण? त्याला कुणी निवडलं, आणि कधी? नाव सांगता आलं नाही, तर पावतीवर सही करण्याआधी त्याला स्पष्ट सांगा की त्या जागेसाठी मी उभा आहे, मी उभी आहे, आणि पन्नास सह्या रविवारपर्यंत आणून देते.