किल्लीचं वळण

बरीच वर्षं एकाच घरात नांदलेली गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला द्यायची, तर किल्लीबरोबर थोडं शिक्षणही द्यावं लागतं. "पूर्ण आत घालायची नाही. गेलीच तर केसभर मागे ओढायची. डाव्या हाताने स्टेअरिंग जरा हलवत राहायचं आणि मग फिरवायची. जोर नाही हं लावायचा!" आमच्या सोसायटीतले एक काका आपल्या मारुती 800 बद्दल हे सगळं भाच्याला समजावतात. भाचा मान डोलावून खाली जातो आणि थोड्या वेळाने हात हलवत परत येतो. मग काका पायात चपला सरकवतात. पहिल्या सेलला गाडी सुरू! त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, ते नव्या गाडीच्या मालकाच्या नशिबी नाही.

कुलपाच्या आतला मामला तसा साधा असतो. इग्निशनमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक बारीकशी स्प्रिंग असते. किल्लीच्या खाचा त्या पट्ट्यांना आपापल्या उंचीवर नेतात. सगळ्या एका पातळीत आल्या की मधला गोल भाग फिरतो, एकीनेही डोकं वर काढलं की अडतो. किल्लीचे दात वर्षानुवर्षं घासून बोथट होतात. झीज मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाची असते, पण कुलूप सरकारी कारकुनासारखं, तेवढ्यावरही अर्ज परत पाठवतं. किल्ली जरा मागे ओढली की दाताचा शेजारचा, अजून उंच राहिलेला भाग पट्टीखाली येतो आणि काम होतं. हे काकांना सांगून त्यांच्या विद्येतली हवा काढण्याचं धाडस मी करत नाही.

स्टेअरिंगचं प्रकरण वेगळं. चाक फूटपाथला टेकवून गाडी बंद केली, तर स्टेअरिंग लॉकच्या खिट्टीवर ताण येतो. अशा वेळी किल्ली निर्दोष असते. स्टेअरिंग डावीउजवीकडे हलवून ताण सोडवला की ती गुपचूप फिरते. पण आपण सगळा राग किल्लीवर काढतो, आणि कधीतरी अर्धी किल्ली हातात आणि अर्धी आत अशी वाटणी होते.

दोष किल्लीचा की कुलपाचा, हे ठरवायला फार अक्कल लागत नाही. गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली लावून बघायची. ती लोण्यासारखी फिरली तर पहिली झिजली, तीही अडली तर कुलूप बिघडलं. अडचण एवढीच, की ती दुसरी किल्ली जपून ठेवलेली असते. आपल्याकडे जपून ठेवलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फरक एकच: पहिली कोणी ठेवली ते माहीत असतं.

मग घरगुती उपचार सुरू होतात. खोबरेल तेलावर आपली श्रद्धा अशी, की केस, टाळू, शिवणयंत्र आणि कुलूप यांत आपण भेदभाव करत नाही. दोन थेंब सोडले की किल्ली त्या दिवशी खरंच गुळगुळीत फिरते, आणि उपचार करणारा आठवडाभर छाती काढून हिंडतो. पुढे त्या तेलावर रस्त्याची धूळ बसते, त्याचा चिकटा होतो आणि पट्ट्या जागच्या जागी रुतून बसतात. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी बाटली उन्हात ठेवता येते, पण स्टेअरिंगजवळचं कुलूप कुठे ठेवणार? यावर जुना आणि कोरडा उपाय ग्रॅफाइटचा. शिसपेन्सिलीतलं शिसं ते हेच. किल्लीच्या दातांवर पेन्सिल घासायची आणि किल्ली आतबाहेर करायची. पण घरात पेन्सिल मागितली की "कशाला?" हा प्रश्न येतो, तेल मागितलं की येत नाही.

किल्लीच्या जुडग्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. गाडीच्या एका किल्लीला घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्या, पितळी गणपती आणि नेलकटर लटकलेलं असतं. दर खड्ड्याला हे सगळं बिऱ्हाड झोके घेतं आणि त्याचा भार कुलपाला सोसावा लागतो. गणपती विघ्नहर्ता खरा, पण इथे त्याला डॅशबोर्डवर बसवणं बरं.

शेवटी पाय किल्लीवाल्याकडे वळतात. त्याच्या मशीनवर एका बाजूला जुनी किल्ली, दुसऱ्या बाजूला कोरी. जुनीच्या खाचांवरून टोक सरकतं तशी कोरी कापली जाते. म्हणजे झिजलेल्या किल्लीवरून निघते ती नवीकोरी झिजलेली किल्ली. शहाणा किल्लीवाला आधी विचारतो, "साहेब, दुसरी नाही का घरात? नाहीतर गाडीबरोबर आलेली नंबराची पट्टी?" त्या नंबरावरून मूळ मापाची किल्ली पाडता येते. ती पट्टीही अर्थात जपून ठेवलेली असते.

आता तर बटण दाबायचं. गंमत अशी, की 1949 साली क्रायस्लरने किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय आणली, त्याआधी बहुतेक गाड्यांत सेल मारायला वेगळं बटणच असे. जग फिरून तिथेच आलं. फक्त आता रिमोटची बॅटरी संपते, आणि त्यावर खोबरेल चालत नाही.

काकांच्या भाच्याने अखेर नंबराची पट्टी शोधली, गॅस कनेक्शनच्या कागदांत निघाली. मूळ मापाची किल्ली करून आणली आणि मामांच्या हातात दिली. काकांनी ती आत घातली, सवयीने केसभर मागे ओढली, स्टेअरिंग हलवलं, जोर न लावता फिरवली. ढिम्म! पुन्हा ओढली, पुन्हा ढिम्म. "मामा, नुसती सरळ घाला ना," भाचा म्हणाला. काकांनी खिशातली जुनी काढली, पहिल्या सेलला गाडी सुरू केली आणि खिडकीतून त्याला सांगितलं, "परत देऊन ये ती. चुकीची केलीये."