कृपया आहेर आणू नये

प्रति,
मा. अध्यक्ष व समस्त सदस्य,
फन कमिटी, तिसरा मजला.

विषय : दिवाळीनिमित्त सहकाऱ्यांना भेटवस्तू देण्यासाठी मागितलेल्या कॉन्ट्रीबाबत.
संदर्भ : ग्रुपवरचा आपला मेसेज, त्याखालचा क्यूआर कोड आणि ‘कोण कोण राहिलंय?’ ही रोजची प्रेमळ विचारणा.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, सहकाऱ्यांवर आपलं नेमकं किती प्रेम असावं, याचा आम्हाला आजवर अंदाज येत नव्हता. आपण दरपत्रकच काढलंत, हे फार बरं झालं. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला पाचशे रुपयांपर्यंतची वस्तू, टीम लीडला सगळ्यांकडून मिळून ‘बरं दिसेल असं’ काहीतरी, आणि साहेबांना पेन. मी अकाउंट्समध्ये बसते. अनेक करांच्या स्लॅब पाहिल्या, जिव्हाळ्याची स्लॅब प्रथमच पाहिली.

सहभाग ऐच्छिक आहे, असंही आपण लिहिलं आहे. त्याच मेसेजच्या खाली पैसे न भरलेल्यांना नावानिशी टॅग केलं आहे. ऐच्छिक वसुलीत आपल्या गणेशोत्सव मंडळांचा हात कुणी धरू शकेल असं वाटलं नव्हतं. पण मंडळं निदान पावती फाडतात.

आता या पैशांतून येतं काय, तेही पाहू. सुगंधी मेणबत्ती, जिच्या वासाने शेजारच्या डेस्कला शिंका येतात. एक मग, ज्यावर ‘बेस्ट कलीग’ असं छापलेलं असतं आणि जो कुणाला मिळणार हे मागवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लॅस्टिकच्या कुंडीतलं एक न वाढणारं झाड. आणि अर्थात सोनपापडी. आमच्या आयांच्या काळी हे काम ब्लाउजपीस करत असे. एका हळदीकुंकवात मिळालेला पीस घडी न मोडता दुसऱ्या हळदीकुंकवात जायचा, आणि पाच-सहा घरं फिरून कधी कधी मूळ मालकिणीकडे परत यायचा. सोनपापडी तोच वारसा चालवते आहे. फरक इतकाच की ब्लाउजपीसला एक्सपायरीची तारीख नव्हती.

बरोबरीच्या माणसांत आहेर झाला की हिशेब आलाच. लग्नाच्या आहेराची वही घरोघरी उगाच नव्हती. कुणी किती दिले ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्याला तितकेच परत करता येतात. त्या वहीला कंटाळूनच आपल्या लोकांनी पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायला सुरुवात केली. लग्नघरातून मोठ्या मुश्किलीने घालवलेली ती वही आपण एक्सेल शीट करून ऑफिसात आणलीत. आता पाचशेची मर्यादा असूनही कुणी हजाराची वस्तू आणली की तिची वाहवा होते, आणि दोनशेची आणणारा दिवाळीपर्यंत मान खाली घालून वावरतो.

हा दोनशेवाला कोण असतो, हे कमिटीने कधी पाहिलं आहे का? तो बहुधा नुकताच लागलेला मुलगा असतो. वाकडला पीजीत एका खोलीत तिघं, पगारातला ठरलेला हिस्सा गावी, आणि दिवाळीच्या आठवड्यात बसचं तिकीट तिप्पट. तो आपल्याला नाही म्हणत नाही. ऑफिसात नाही म्हणायला आधी प्रोबेशन संपावं लागतं.

साहेबांच्या पेनाविषयी बोलायचं, तर साहेब भले आहेत, याबद्दल दुमत नाही. पण ते सह्यासुद्धा डिजिटल करतात. पेन कशासाठी आहे, हे आपल्यालाही माहीत आहे आणि त्यांनाही. पेशवाईत वरिष्ठांकडे गेलेल्या अशा वस्तूला सरळ नजराणा म्हणत आणि ती दप्तरात नोंदवत. लाजण्याचं कारण नव्हतं, कारण कुणी तिला ‘टीम बाँडिंग’ म्हणत नव्हतं. अडचण अशी की पेन मिळाल्याने साहेबांचं मत बदलणार नाही, पण कॉन्ट्री न भरलेला माणूस अप्रेझलपर्यंत झोपणार नाही.

सरकारी खाती आपल्याकडे चेष्टेचा विषय असतात, पण या बाबतीत ती आपल्यापुढे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत भेटी घेण्यावर बंधन आहे, आणि त्याच नियमात खुलासा आहे की प्रसंगाने झालेलं जेवण, गाडीतून दिलेली लिफ्ट किंवा साधा सामाजिक पाहुणचार याला भेट समजू नये. २०२५ च्या सप्टेंबरात तर अर्थ मंत्रालयाने दिवाळी आणि इतर सणांच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्च करू नये असा आदेशच काढला. म्हणजे पेनाला मनाई आणि चकलीला मुभा. ज्याने कुणी तो १९६४ चा खुलासा लिहिला, त्याला सणवार कळत होते.

आपली कंपनीही मागे नाही. तिच्याकडून सुक्या मेव्याचा डबा आणि एक व्हाउचर येतं, दोन्हींची मिळून किंमत ५,००० च्या आत. ती आतच का, हे मला विचारा. आयकराच्या १९६२ च्या नियमांत मालकाने वर्षभरात दिलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूवर वा व्हाउचरवर कर नव्हता. तेच पैसे रोख दिले की पहिल्या रुपयापासून पगारात धरायचे. काजूंमागे माया आहेच, पण ती नियमात बसवलेली माया आहे. (सुरतेच्या सावजी ढोलकियांनी हिरे कारखान्यातल्या लोकांना मोटारी वाटल्याची जुनी बातमी दर दिवाळीला ग्रुपवर येते आणि तिच्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागते. ती बातमी एचआरने पाहिलेली आहे. आता पुरे.)

बोनस ही मात्र वेगळी गोष्ट. १९६५ च्या कायद्याने तो मालकाच्या मर्जीतून काढून कामगाराच्या हक्कात नेला. किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. हे ८.३३ विचित्र दिसतं, पण बारा महिन्यांच्या पगारावर लावून पाहा, एक महिन्याचा पगार होतो. २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. आपण सगळे, म्हणजे चिठ्ठ्या उचलणारे, त्या मर्यादेच्या वरचे. म्हणून आपल्या वाट्याला काजू.

त्या मर्यादेच्या खालची माणसंही आपल्याच मजल्यावर आहेत. आपण यायच्या आधी टॉयलेट धुऊन मोकळ्या होणाऱ्या हाउसकीपिंगच्या मावशी. रात्रपाळीचे सिक्युरिटी काका. पॅन्ट्रीतला दादा, ज्याला कुणाचा चहा बिनसाखरेचा हे पाठ आहे. ते ठेकेदाराच्या रजिस्टरवर आहेत आणि त्यांचा बोनस ठेकेदाराने द्यायचा आहे. तो पुरा हातात पडतो की नाही, हे आपल्यापैकी कुणी विचारत नाही. त्यांची नावं आपल्या ग्रुपवर नाहीत, चिठ्ठ्यांत नाहीत, आणि कंपनीच्या डब्यांच्या यादीतही नाहीत. ती यादी माझ्या टेबलावरून पुढे जाते, म्हणून सांगते. त्यांच्यापर्यंत काही पोहोचतच असेल, तर कुणाला नको असलेली सोनपापडी.

मी वाड्यात वाढले. दिवाळीला पोस्टमन, दूधवाला आणि गुरखा आपापली पोस्त मागायला दारात उभे राहायचे. मागायचे, आणि हक्काने मागायचे. देणाऱ्यालाही त्यात उपकार केल्यासारखं वाटत नसे. मावशी आपल्याकडे मागणार नाहीत, कारण मागितल्याची तक्रार ठेकेदाराकडे गेली तर काय होतं, हे त्यांना ठाऊक आहे.

सहकाऱ्यांनी एकमेकांना काही द्यावंच, अशी कमिटीला तळमळ असेल, तर तिची सोय आपल्याकडे आधीच झालेली आहे. दसऱ्याला आपण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना आपट्याचं पान देतो आणि सोनं म्हणून घेतो. (बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं विकतात, पण तेवढी भेसळ सणाला चालते.) संक्रांतीला तिळगूळ. त्याची किंमत कुणी काढत नाही, परतफेड जागच्या जागी होते, आणि देताना बोलायला एक वाक्य तयार असतं, त्यामुळे ज्याच्याशी वर्षभर फक्त मेलवर भांडण झालं त्यालाही देता येतो. दिवाळीला घरून डबे येतातच. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे डबे उघडावेत. कुणाच्या अनारशाला जाळी पडली आणि कुणाची चकली मऊ झाली, यावर दुपार निघते. डिसेंबरात आपण सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या काढणार, हेही मला ठाऊक आहे. त्याआधी मडगावहून आलेल्या आपल्या सहकारिणीला विचारा. नाताळात शेजारीपाजारी दोदोल, बिबिंका आणि नेवऱ्यो घालून ताट पाठवण्याची रीत गोव्यात जुनी आहे. तिच्या नेवऱ्यो आणि आपल्या करंज्या यांत तशी भावकी आहे. त्यासाठी कुणाला लाल टोपी घालायची गरज नाही.

तेव्हा कमिटीस विनंती अशी. चिठ्ठ्या रद्द कराव्यात. पेन रद्द करावं. साहेबांना चिवडा द्यावा, तो त्यांना आवडतो. कॉन्ट्री मात्र रद्द करू नये. ज्याला जमेल त्याने जमेल तितकी भरावी, नावं जाहीर करू नयेत, आणि सगळी रक्कम मावशी, काका आणि दादा यांच्यात सारखी वाटावी. रोख द्यावी. साडी नको, डबा नको, व्हाउचर तर मुळीच नको. पाकीट देताना फोटो काढू नये, आणि काढलाच तर लिंक्डइनवर टाकू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अकाउंट्समधली एक

ता. क. : पाकिटं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी देऊ नयेत. निदान आठवडाभर आधी द्यावीत. मुलांचे कपडे आणि फराळाचं सामान त्याच आठवड्यात घ्यायचं असतं.