पुस्तक चालेल, फ्लॉपी नको

लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून आम्ही भावंडे 'च'च्या भाषेत बोलायचो. 'घरी'चे 'चरीघ' केले की आईला काही कळत नाही, असा आमचा समज होता. (आईला सगळे कळायचे.) हे आम्ही अमेरिकेत केले नाही, ते बरे झाले. तिथे १९९०च्या दशकात मजकूर गुपित ठेवणारा प्रोग्राम परवान्याशिवाय निर्यात न करण्याच्या सरकारी शस्त्रयादीत होता. पंगतीला रणगाडे आणि क्षेपणास्त्रे.

बर्कलीत गणित शिकणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइनने असा एक प्रोग्राम लिहिला. नाव 'स्नफल'. १९९२ साली त्याने परराष्ट्र खात्याला सरळपणे विचारले, प्रसिद्ध करू का? सरकारला आपण होऊन काही विचारायचे नसते, हे त्याला घरच्यांनी शिकवले नसावे. उत्तर आले: परवाना काढा, शस्त्रविक्रेता म्हणून नाव नोंदवा. प्रोग्राम तर शस्त्र होताच. तो समजावून सांगणारा निबंधही शस्त्र ठरला. १९९५ साली पोराने दावा ठोकला, तेव्हा कुठे खात्याला साक्षात्कार झाला की निबंध हा निबंधच असतो.

फिल कार्न नावाच्या गृहस्थांची तऱ्हा आणखी न्यारी. ब्रूस श्नायर यांच्या 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी' या जाडजूड ग्रंथात शेवटी प्रोग्राम छापलेले होते. ग्रंथ परदेशी धाडायला खात्याची हरकत नव्हती. तेच प्रोग्राम फ्लॉपीवर घालून विचारले, तर परवानगी नाही! म्हणजे जगात इतरत्र कोणाला टायपिंग येत नाही, या भरवशावर महासत्तेची सुरक्षा उभी होती. कार्न कोर्टात गेले; वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनी १९९६ मध्ये दावा फेटाळून लावला.

सॅन फ्रान्सिस्कोत मात्र न्या. मॅरिलिन हॉल पटेल यांनी त्याच वर्षी सांगितले की संगीत आणि गणिताची समीकरणे ही जशी भाषा, तशीच संगणकाचीही भाषाच. तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. डिसेंबरात त्यांनी परराष्ट्र खात्याची ही परवाना पद्धत घटनाबाह्य ठरवली. पण निकाल येईपर्यंत फाइल जागेवर होती कुठे? नोव्हेंबरातच क्लिंटनसाहेबांनी ती वाणिज्य खात्याच्या टेबलावर सरकवली होती. आपल्या मंत्रालयाने वॉशिंग्टनला शिकवणी लावली होती की काय, असा मला दाट संशय आहे.

नव्या खात्याची तीच गत. छापील पुस्तकाला सूट. मात्र स्कॅनरला वाचता येईल असे सुबक छापलेत तर काय करायचे, याचा निर्णय सरकारने राखून ठेवला. आपल्याकडची मतदार यादी छापणाऱ्यांना हे कंत्राट मिळाले असते, तर अमेरिका कायमची निर्धास्त झाली असती.

क्लीव्हलँडचे कायद्याचे प्राध्यापक पीटर जंगर यांना वेगळाच पेच पडला. देशातल्या देशात परदेशी माणसाला प्रोग्राम दाखवणे हीसुद्धा 'निर्यात' गणली जात होती. म्हणजे वर्गात पुण्याचा एखादा जोशी पहिल्या बाकावर बसला, तर मास्तरांनी फळ्यावर लिहायचे की आधी परवाना काढायचा? तेही कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. पण ४ एप्रिल २००० रोजी अपील कोर्टाने मान्य केले की प्रोग्राम लिहिणे हीसुद्धा अभिव्यक्तीच. बर्नस्टाइननेही १९९९ मध्ये अपील दोन विरुद्ध एक असे जिंकले होते. सरकारने फेरसुनावणी मागितली, तो निकाल मागे घेतला गेला, आणि फेरसुनावणी होण्याआधी, जानेवारी २००० मध्ये, सरकारने आपणच नियम सैल केले. हरण्यापेक्षा उदार होणे स्वस्त पडते.

निर्यातीच्या या नियमांपायी त्या काळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी मजकूर गुपित ठेवणारी कुलपे मुद्दाम कच्ची बनवली जात. नियम सैल झाले, कुलपे तशीच राहिली. २०१५ साली संशोधकांना आढळले की असंख्य संकेतस्थळे अजूनही ती कच्ची कुलपे चालवून घेतात. त्यांत अमेरिकेची हेरसंस्था एनएसए हिचेही संकेतस्थळ होते.