एकहाती वापरलेलं

जुनं सीएनसी मशिन विकायला काढलेल्या कुणालाही कारण विचारा, त्याचा मुलगा कॅनडाला गेलेला असतो. भोसरीत विचारा, साताऱ्यात विचारा, शिरोलीत विचारा. मुलगा कॅनडाला गेला, धंदा बघायला घरात कुणी नाही, म्हणून नाइलाजानं काढतोय, नाहीतर हे मशिन जन्मात विकलं नसतं. मी जेवढी मशिनं पाहिली तेवढ्या सगळ्यांचे मुलगे खरंच गेले असते, तर एव्हाना टोरांटोत एमआयडीसी निघाली असती. हप्ते थकलेत, गिऱ्हाईक तुटलं, स्पिंडल ओरडतंय, यातलं एखादं कारण सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचाय.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पंपाची बुशं, शाफ्ट, फ्लँज अशी कामं. अप्पांनी धंदा सुरू केला तो हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर, आणि ती लेथ अजून चालू आहे, अप्पांसारखीच, थोडा आवाज करत. इतकी वर्षं भागलं. मग एका गिऱ्हाइकानं नवं ड्रॉइंग पाठवलं, बोअरला वीस मायक्रॉनचा टॉलरन्स, आणि खाली शाईनं लिहिलेलं: सीएनसीवरच करणे. अप्पांना राग आला. वीस मायक्रॉन ते कॅलिपरच्या हाताला लागण्यावरून काढून देतात. दिवसाला पाचशे मात्र काढून देत नाहीत, हे त्यांना हळूच सांगावं लागलं.

नव्या मशिनचं कोटेशन आलं तेव्हा अप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाले, "माज्यानं काय हुईना. बगू दे त्येलाच काय जमतंय का." त्याला काही जमलं नाही, म्हणून आम्ही जुनं बघायला निघालो.

जुन्या मशिनच्या बाजारात पहिली गोष्ट दिसते ती रंग. पांढराशुभ्र, मधे निळा पट्टा, वासही अजून गेलेला नाही. रंगारी इतका मनापासून काम करून गेलेला असतो की नेमप्लेट, ऑइलची काच, ग्रीसची निपल आणि कधी कधी एखादा बटणाचा दिवासुद्धा पांढरा झालेला असतो. मशिन कोणत्या साली बनलं हे विचारलं की डीलर नखानं नेमप्लेट खरवडायला लागतो. मग चहा येतो. चहा होईपर्यंत मशिन चालू करून दाखवतात. दरवाजा बंद, आत टरेट गरागरा फिरतोय, चक सुसाट, हिरवे दिवे लागलेत, आणि टूल शिस्तीत हवा कापतंय. हवा कापण्यात कुठलंही मशिन एक मायक्रॉनही चुकत नाही.

"एखादा जॉब मारून दाखवता?" असं विचारलं की चेहरे पडतात. मटेरियल नाही, इन्सर्ट नाही, ऑपरेटर जेवायला गेलाय. तेव्हा बार आपल्याच पिशवीत असलेला बरा. बाजाराला जाताना दुधी घेऊन जावं तसं वाटतं, पण न्यावा.

खरी गंमत मायक्रॉन दाखवणारी सुईची डायल लावल्यावर सुरू होते. हँडव्हीलनं टरेट एका दिशेला शंभर मायक्रॉन न्यायचा, मग उलट फिरवायचा, आणि सुई हलायला किती खटके लागतात ते मोजायचं. जितके खटके फुकट गेले तितका बॉलस्क्रूत खेळ. एका ठिकाणी डीलरनं स्वतःच डायल लावून दाखवली. सुई पहिल्या खटक्याला हलली. "बघा, झिरो बॅकलॅश!" आमच्या सेटरनं, आयटीआय होऊन चार-पाच वर्षं झालेल्या पोरानं, काही न बोलता फॅनुकच्या कंट्रोलवर पॅरामीटर 1851 उघडला. फॅनुकमध्ये बॅकलॅशची भरपाई तिथे लिहिलेली असते. स्क्रू जितका ढिला तितका आकडा इथे घालायचा, कंट्रोल तेवढं स्वतःहून जास्त ढकलतो आणि डायलला पत्ताच लागत नाही. चांगल्या मशिनला तिथे एक आकडी, फार तर दहा-पंधरा मायक्रॉन असतात. इथे होते एकशे चाळीस.

सेटरनं मग डायल उचलून टोकाला लावली. स्क्रू झिजतो तो मधोमध, कारण रोजचं काम तिथेच चालतं. टोकाला तो नव्यासारखा राहतो. पण 1851 चा आकडा सगळ्या स्क्रूला एकच. त्यामुळे मधे सगळं बरोबर आणि टोकाला टरेट नको तेवढा उडी मारतो. सुईनं टुणकन उडी मारली. डीलर म्हणाला, "टोकाला कोण काम करतंय?" या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

बरं, हा कंट्रोल पिवळा का असतो, हा अप्पांचा प्रश्न होता. फॅनुक ही जपानी कंपनी, फुजी पर्वताच्या पायथ्याशी तिचा कारखाना, आणि तिथल्या इमारती, रोबो, कामगारांचे कपडे सगळं पिवळंच, असं मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "सगळे जेजुरीला जाऊन आल्यात जनू." तेव्हापासून आमच्याकडे फॅनुकला कुणी फॅनुक म्हणत नाही. सदानंदाचा कंट्रोल म्हणतात.

अप्पांना सीएनसीतलं काही कळत नाही असं डीलर लोकांना वाटायचं आणि अप्पा ते वाटू द्यायचे. एका शेडमध्ये मालक शपथेवर सांगत होता की या मशिनवर ॲल्युमिनियमशिवाय काही चाललंच नाही. ॲल्युमिनियम म्हणजे मऊ काम, मशिनला त्रास नाही. अप्पांनी तोवर सदऱ्याच्या खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं होतं. ते हातरुमालात गुंडाळलं, वाकले, टेलस्टॉकच्या मागे, जिथे झाडूचा हात पोचत नाही तिथे फिरवलं आणि बाहेर काढलं. रुमालाला काळी मिशी आली होती. कास्ट आयर्नची भुकटी. ही भुकटी गाईडवेवरच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते आणि बेड रोज थोडा थोडा खाते. अप्पांनी रुमाल मालकापुढे धरला. "पावणं, तुमचं ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतंय की ओ!" मालकानं लगेच दुसरा चहा सांगितला. आम्ही तो घेतला. चहाचा काय दोष?

शेवटी मशिन मिळालं ते इचलकरंजीच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. रंग नाही. पुढच्या पत्र्याला ऑपरेटरचा खांदा घासून घासून चकाकी आलेली, दरवाजाच्या काचेला कूलंटचं दूध. कंट्रोलवर जोतिबाचा स्टिकर, त्याच्याखाली इमर्जन्सी बटण. आम्ही सकाळी लवकर गेलो होतो, मशिन चालू व्हायच्या आत, कारण गार मशिन खोटं बोलत नाही. अलार्म यायचे असतील तर तेव्हाच येतात. तासभर फिरवून गरम केलेल्या मशिनला कसलाच आजार नसतो.

सेटरनं मागचं इलेक्ट्रिक पॅनेल उघडलं, ड्राइव्ह बघायला. मी मात्र बघत राहिलो दाराची आतली बाजू. तिथे पेन्सिलीनं, मार्करनं, एका ठिकाणी चक्क खिळ्यानं ओरखडून लिहिलेलं होतं. "सकाळी पयला जॉब मोजू नये." त्याच्याखाली: "टी 3 ला हळू. आवाज करतंय." मग: "लाइट गेली तर आधी झेड मागं घे, मग काय ते कर." आणि कडेला एक उभा मजकूर, तीन वेगळ्या वेळी लिहिलेला:

"लुब पंप गळतोय. मालकास्नी सांगितलं."

"परत सांगितलं."

"आता सांगत न्हाई."

मी त्या दारापुढे उभा राहिलो तो हलेना. मशिनबद्दल इतकं खरं मला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं. पहिला जॉब मोजू नये हे तर पुस्तकातही असंच असायला पाहिजे. पोलाद एका अंशाला मीटरमागे अकरा-बारा मायक्रॉन वाढतं. अर्ध्या मीटरचा स्क्रू पाच अंशांनी तापला की पंचवीस-तीस मायक्रॉन गेले, आणि आमचा टॉलरन्स वीस. बहुतेक मालक सकाळचा रिजेक्ट जॉब बघून ऑपरेटरला शिव्या देतात. या पठ्ठ्यानं कारण शोधून दारावर लिहून ठेवलं होतं, आपल्या नंतर येणाऱ्यासाठी. मालकाला विचारलं, हा ऑपरेटर कुठाय? तर म्हणाला, "गेला सोडून. लई बडबड करायचा."

1851 मध्ये आकडा होता आठ. लुब पंप अजून गळत होता.

भाव ठरवताना मी त्या तिसऱ्या ओळीचा उपयोग करून घेतला. मालकानं ती ओळ पहिल्यांदाच वाचली असावी, कारण तो दार बंद करून पुन्हा उघडून बघत होता. साडेसहा लाखांवर तुटलं. मग बिलाचा विषय: बिलासकट एक भाव, बिलाशिवाय दुसरा. अठरा टक्के जीएसटी आम्हाला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळणार म्हटल्यावर आम्ही पक्क्यावर अडून बसलो. बँकेची वेगळीच तऱ्हा. जुन्या मशिनला कर्ज म्हणजे आधी चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला, त्यात मशिनचं उरलेलं आयुष्य किती वर्षं हे लिहिलेलं हवं. अप्पांनी साहेबांना विचारलं, "आनि कर्ज घेनाऱ्याचं?" साहेब हसले नाहीत. त्यांनी अप्पांचं वय लिहून घेतलं.

मशिन हलवण्याआधी सेटरनं एकच हट्ट धरला, बॅकअप. पॅरामीटर बॅटरीवर जगतात. बॅटरी संपली आणि बॅकअप नसला की उरतं ते साडेतीन टन लोखंड. या जुन्या कंट्रोलला पेन ड्राइव्ह चालत नाही, कॅमेऱ्यात घालायचं ते जुनं चपटं कार्ड लागतं. कोल्हापुरात ते कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे नव्हतं. राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओनं ड्रॉवर उपसून दिलं. त्यामुळे आमच्या मशिनचे सगळे पॅरामीटर आज कुणाच्या तरी हळदीच्या फोटोंशेजारी सुखात आहेत. पुसायला मन होत नाही. नवरी चांगली हसतेय.

हायड्रा क्रेन आली, पहारी आल्या, रोलर आले, आणि गल्लीतली न बोलावलेली सगळी माणसं सल्ला द्यायला आली. शटरमधून मशिन जाईना तेव्हा त्यातल्या एकानं मशिनचं डोकं कापून नंतर वेल्डिंग करायची सूचना केली. शटर काढलं. मशिन आत गेलं. शटर अजून बसवायचंय.

सर्व्हिस इंजिनिअर आला आणि मशिनकडे न बघता त्यानं आधी अर्थिंग मोजलं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर चालणार नाही म्हणाला. आमच्याकडे भरले अकरा. अप्पांच्या लेथनं आयुष्यभर याची चौकशी केली नव्हती. मग मागे नवा खड्डा खणला, कोळसा, मीठ, तांब्याची प्लेट. खड्डा ओला ठेवावा लागतो हे कळल्यापासून अप्पा सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि उरलेला तांब्या अर्थिंगला. नमस्कार दोघांनाही करतात.

मशिन आता चालतंय. लुब पंप बदलला, स्टॅबिलायझर लावला, खंडेनवमीला झेंडूचा हार घातला. नारळ मात्र फरशीवर फोडला, नारळाचं पाणी गाईडवेवर नको म्हणून अप्पांनीच बजावलं. दारावरचं लिखाण तसंच आहे. सेटरनं तिसऱ्या ओळीखाली "नवा बसवला" लिहून तारीख घातलीय. सकाळचा पहिला जॉब आम्ही मोजत नाही, अप्पांच्या लेथवर ठेवतो. अप्पा तो कॅलिपरनं बघतात आणि "मोठा हाय" असं सांगतात. मोठाच असतो.

एकच अडचण राहिलीय. टरेट आठ स्टेशनचा, पण विकणाऱ्यानं त्याबरोबर बोअरिंगचे होल्डर दोनच दिले, तिसरा नंतर पाठवतो म्हणाला आणि आता फोन उचलत नाही. प्रत्येक कंपनीच्या होल्डरचं बोल्टांचं अंतर वेगळं, त्यामुळे बाजारातला बसत नाही. 25 मिलिमीटर बोअरचा, चार बोल्टांचा असा जुना होल्डर कुणाच्या शेडमध्ये पडून असेल तर कृपया कळवावं. गंजलेला चालेल. रोख देऊ, पक्कं बिल मात्र लागेल.