वीज कंपनीशी सोयरीक

कार्ल्यात राहून घरावर सोलर बसवणारा माणूस गावाच्या मते जरा सटकलेलाच असतो. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर सूर्य आम्हांला नुसता ऐकून माहीत असतो. इथे वीज पाण्यापासून होते, हे शेंबडं पोरही सांगेल. 1911 साली लोणावळ्यात टाटांच्या धरणाच्या कामाची पायाभरणी झाली आणि 1915 पासून इथलं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून त्यावर वीज तयार व्हायला लागली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. म्हणजे पाऊस आमच्या डोक्यावर आणि उजेड परळला. निदान ऊन तरी आपल्याच छपरावर अडवावं, असा माझा अस्मितेचा विचार होता. बायकोचा विचार बिलाचा होता. अर्थात तोच पुढे सरकला.

पहिली अडचण वडिलांची आली. अर्ज करणाऱ्याच्याच नावावर वीजबिल लागतं आणि आमचं बिल अजून वडिलांच्या नावावर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण विजेच्या दप्तरात ते ठणठणीत होते आणि दर महिन्याला वापरही करत होते. नाव बदलायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "राहू दे की. तेवढं एकच पत्र येतं त्यांना." या हरकतीसाठी कुठल्याही पोर्टलवर रकाना नाही. शेवटी तिने शेवटचं बिल मागून घेतलं, ते भरलंय ना याची दोनदा खात्री केली आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

मग सोलर कंपनीचा माणूस आला. त्याच्याजवळ गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं आणि त्यात आमची सिस्टीम देशात सर्वोत्तम असल्याचं लिहिलं होतं. मला हसू आलं, कारण असला दावा आमच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून झालाय. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने कार्ल्याच्या चैत्यगृहात लेख कोरवून घेतला, की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वांत उत्तम आहे. फरक एवढाच की भूतपालाचं काम अजून उभं आहे, छताच्या लाकडी कमानींसकट. आमच्या पॅनेलला वॉरंटी पंचवीस वर्षांची. चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांपासून कोणाकोणाची नावं दाते म्हणून आहेत. आमचा दाता सरकार. पंतप्रधान सूर्यघर योजनेला 29 फेब्रुवारी 2024 रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलं, त्यापुढे वाढ नाही. त्यामुळे गावात ज्याला ज्याला विचारावं, त्याला तीनच किलोवॅट हवे असतात. चौथ्या किलोवॅटची गरज आजवर कोणालाच भासलेली नाही.

पाहणीला आलेल्या इंजिनिअर पोराने मोबाइलवर होकायंत्र लावलं आणि म्हणाला, "काका, तोंड दक्षिणेला करायचं."

आई जिन्यातूनच ओरडली, "दक्षिणेला तोंड? यमाची दिशा ती. आपल्यात कोणी जेवतसुद्धा नाही तिकडं तोंड करून."

पोराने शांतपणे समजावलं, की आजी, आपण विषुववृत्ताच्या वर पावणेएकोणीस अंशांवर, सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडूनच जातो, म्हणून पॅनेल तेवढंच कलतं ठेवायचं. आईने ऐकून घेतलं. "मग सूर्यालाच सांगा," म्हणाली आणि खरा मुद्दा काढला. गच्चीवर उन्हाळ्यात तिच्या कुरडया, पापड, सांडगे आणि वर्षभराची मिरची वाळते. या घरात उन्हाचा पहिला हक्क त्यांचा. सहा पॅनेल म्हणजे गच्चीचा सगळा मधला भाग गेला. बराच वेळ वाटाघाटी झाल्या. इंजिनिअरने लोखंडी सांगाडा उंच करून देतो म्हटलं, तर आई म्हणाली, "उंच केलं म्हणून सावली पडायची थांबती का?" हा प्रश्न इतका शास्त्रीय होता की पोरगा गप्प झाला. शेवटी पूर्वेकडची पट्टी वाळवणाला सुटली. आजतागायत आमची वीज आणि आमच्या कुरडया शेजारी शेजारी तयार होतात, आणि आईच्या मते कुरडयांचं उत्पादन जास्त भरवशाचं आहे.

शेजारच्या तात्यांचं जांभूळ हा दुसरा विषय. चारनंतर त्याची सावली एका पॅनेलवर येते, आणि पॅनेलं एका माळेत जोडलेली असली की एकावरची सावली बाकीच्यांनाही भोवते. मी तात्यांना फांदीचं विचारलं. ते म्हणाले, "झाड आज्याच्या हातचं. तुमचा सूर्य नवीन आहे, त्यालाच जरा सरकवा." मी विषय सोडला. दरवर्षी तात्या टोपलीभर जांभळं पाठवतात, त्यात ते युनिट वळते होतात असं धरून चाललोय.

बसवायला दीड दिवस लागला. त्यातला अर्धा दिवस पोरं एकवीरा देवीच्या डोंगराकडे तोंड करून सेल्फी काढत होती.

नवा मीटर लागला आणि आमचं वीज कंपनीशी नातंच बदललं. आधी आम्ही गिऱ्हाईक होतो, आता व्याही झालो. दिवसा आम्ही त्यांना देतो, रात्री त्यांच्याकडून घेतो, आणि दोन्हीकडचा हिशेब मीटरमध्ये लिहिलेला असतो. कोणी कोणाचे उपकार ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. पूर्वी रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की मी ओरडायचो. आता दुपारी पंखा बंद दिसला तरी जिवाला लागतं, की आपलं ऊन बाहेर चाललंय. पोरगा दिवसातून कितीदा तरी मोबाइलवर बघून ओरडतो, "बाबा, दोन पॉइंट एक!" चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट होतात. ढग आला की आम्ही सगळे त्याच्याकडे असं बघतो, जणू तो आमच्या खिशात हात घालतोय. आणि पॅनेलला ऊन हवं असतं पण उकाडा नको. तापलं की त्याचं काम मंदावतं. म्हणून भर मे महिन्यापेक्षा थंडीतली स्वच्छ दुपार त्याला जास्त मानवते. ऊन हवं, घाम नको, हे तर लोणावळ्याला येणाऱ्या प्रत्येकाचंच मागणं असतं.

व्याह्यांची खरी ओळख पटली ती एका दुपारी. कडक ऊन, आभाळ निळंशार आणि लाईट गेली. मी निवांत. पण पंखा थांबला. फ्रीज थांबला. इन्व्हर्टरवर लाल दिवा. कुंपणापलीकडून तात्यांचा आवाज आला, "काय सोलरवाले, सूर्याची पण डीपी उडाली काय?"

गंमत अशी, की ग्रीडला जोडलेली सिस्टीम लाईनवर वीज नसली तर स्वतःहून बंद होते. बॅटरी घेतली तर गोष्ट वेगळी, पण बॅटरीची किंमत ऐकून आमच्याकडे ती चर्चा तिथेच थांबली होती. बंद व्हायचं कारण रास्त आहे. खांबावर वायरमन चढलेला असतो. खालून आमच्या घरातली वीज उलटी लाईनवर गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. मी हे तात्यांना सांगितलं तर ते खो खो हसत सुटले. आई मात्र गंभीरपणे म्हणाली, "बरोबर आहे. त्याचीबी पोरंबाळं असतील." एवढ्या यंत्रणेतली तिला मनापासून पटलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं तिच्या मते सामान आहे.

पावसाळ्यात आकडे बघवत नाहीत. ढग गच्चीला टेकलेले असतात आणि अॅपवर दिवसाचे दोन-तीन युनिट दिसतात, त्यातला काही उजेड विजा चमकल्याचा असावा अशी मला शंका आहे. पण हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, हे मावळावर उपकार आहेत. एप्रिल-मेचं साठवलेलं ऊन आम्ही जुलैत बसून खातो. तिढा थंडीतल्या युनिटांचा. ऑक्टोबरपासून जमलेली शिल्लक पुढच्या वर्षात जात नाही. 31 मार्चला हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांचे पैसे अशा दराने मिळतात की ते घेताना आपलीच मान खाली जाते. त्यामुळे मार्च उजाडला की आमच्या घराचं सरकारी कार्यालय होतं. निधी खर्च झालाच पाहिजे. बायको गोधड्या वॉशिंग मशीनमध्ये घालते, गरज नसलेल्यासुद्धा. पोरगा एसी लावून पांघरूण घेऊन झोपतो. आईने मिक्सरवर वर्षभराचा मसाला करून टाकला, आणि पाटा-वरवंट्याशिवाय चव नाही असं जिच्याकडून मी जन्मभर ऐकत आलो, तीच ही बाई.

एकवीरेची चैत्रातली यात्रा काही वर्षी याच सुमाराला पडते. तेव्हा अलिबागकडची पाहुणेमंडळी दोन गाड्या भरून उतरतात. दर वेळी आंघोळीचं पाणी चुलीवर तापवणारी आई यंदा दारातच उभी राहून सांगत होती, "गिझर लावा, एसी लावा, मोबाइल चार्जिंगला लावा. लाजू नका. आणि हे बघा, एकतीस तारखेपर्यंत राहायचं. एक तारखेनंतर आलात तर चहा स्टोव्हवर मिळंल."