सातवा गठ्ठा

सरकारी कचेरीत मोठ्या कामांची काळजी वाहायला माणसांची वाण नसते. गोसीखुर्दच्या पुनर्वसनाची फाइल अडली, की वरून फोन येतात, विधानसभेत प्रश्न लागतो, साहेबांचा आवाज चढतो. छोट्या कामाला असा कोणी वाली नाही. ‘पाच मिनिटांचं तर आहे, जेवून आल्यावर करू’ अशी त्याची कुंडलीच असते. म्हणून पाच तासांचं काम त्याच दिवशी निपटतं आणि पाच मिनिटांचं दिवाळीपर्यंत जातं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या हंगामात हे फार ठळक दिसतं. शेतकरी आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणीला जातो आणि सातबाऱ्यावरच्या नावात नि आधार कार्डावरच्या नावात एका वेलांटीचा फरक निघतो. काम केवढं? वेलांटीएवढं. पण लेखनप्रमादाच्या दुरुस्तीला जमीन महसूल अधिनियमाचं कलम 155 लागतं. मग अर्ज, अहवाल, आदेश आलेच. तोवर धानाची पोती पडवीत आणि उंदीर मजेत. ‘बाबूसाहेब, आमच्या वेलांटीचं का झालं जी?’ असं एका आजोबांनी इतक्या मायेनं विचारलं, की वेलांटी नावाची लेक त्यांनी आमच्या कचेरीत नांदायला दिली असावी!

मामा तलावांचीही, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचीही, तीच गत. खेकड्यानं पाळीला बीळ पाडलं, तर एकेकाळी गावातलाच कोणी चार घमेली माती टाकून मोकळा व्हायचा. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली हे बरंच झालं. पण बिळालाही आता अंदाजपत्रक लागतं, आणि एवढ्याशा बिळाचं अंदाजपत्रक कोण करतो? बीळ मोठं होऊन पाळ फुटली, की मात्र पाहणीला गाड्यांची रांग लागते.

यावर इलाज शोधलाच नाही, असं नाही. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलावरच्या कागदांना शिस्त लावली. तीच पुढे सहा गठ्ठा पद्धत म्हणून राज्यभर गेली: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. यातला ‘प्रतीक्षाधीन’ हा बाबूलोकांचा लाडका. आपण काम केलं, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतोय, हे सांगताना चेहऱ्यावर काय समाधान असतं!

पण छोटी कामं या सहांत नीट बसतच नाहीत. ती टेबलाच्या काचेखाली जातात. तिथे गणपतीचा फोटो, सुट्ट्यांची यादी, पोराचं वेळापत्रक आणि मध्ये कुणाच्या तरी दाखल्याची चिठ्ठी. रोज नजरेसमोर असल्यानं ती हळूहळू दिसेनाशी होते. हाच सातवा गठ्ठा. तपासणीत तो कोणी मोजत नाही.

आमच्याकडे एक अव्वल कारकून बाई होत्या. आल्या आल्या पर्स खुंटीला लावायच्या आणि पहिल्या चहाच्या आत किरकोळ कागद हातावेगळे करायच्या. चहावाला दारात दिसला, की म्हणायच्या, ‘थांब रे बाप्पा, दोन सह्या राहिल्या.’ टेबलावरची काच त्यांनी रुजू होताच काढायला लावली होती. त्या निवृत्त झाल्यावर त्या जागी आलेल्या बाबूंनी नव्या काचेसाठी मागणीपत्र दिलं. काम छोटं असल्यामुळे ते अजून झालेलं नाही.